साध्या चपलेखाली क्लीटचं पायडल

सेकंडहँड रोड सायकल घेतली की तिच्याबरोबर बरेचदा वेगळ्याच धाटणीची पायडलं येतात. नेहमीच्या सायकलीसारखा रबराचा ठोकळा नाही, पाय ऐसपैस टेकेल असा सपाट भाग नाही. मधोमध लोखंडी जबडा, त्याला स्प्रिंग, आणि पाय ठेवायला जेमतेम दोन-तीन बोटं जागा. दुकानदार यांना क्लिपलेस पायडल म्हणतात, सायकलवाले बोलताना ‘क्लीटवाली पायडलं’ म्हणतात. त्यांच्यासाठीचे खास बूट आधीच्या मालकाच्या मापाचे, त्यामुळे ते त्याच्याकडेच राहतात. सायकल घरी येते आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहतो. नगरच्या सावेडीतून माळीवाड्याला विशाल गणपतीच्या दर्शनाला जायचंय, कोपऱ्यावरून दूध आणायचंय, मुलीला क्लासला जायचंय. पायात चप्पल आहे. या पायडलांवर चालेल का?

चालतं, पण थोडं अंतर आणि काही अटींवर. त्या अटी कुठून येतात हे पायडलची रचना पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून आधी ती पाहू.

क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने घट्ट बसवलेला छोटा तुकडा. अंगठ्याच्या मुळाशी तळपायाचा जो फुगीर भाग असतो, साधारण त्याच्या खाली तो येतो. पाय थोडा पुढे सरकवत क्लीटचं टोक पायडलच्या पुढच्या कडीखाली घालायचं आणि पाय खाली दाबायचा. दाब पडला की मागचा जबडा स्प्रिंगविरुद्ध मागे सरकतो, क्लीट आत बसते आणि जबडा परत जागेवर येऊन तिला पकडतो. ‘खट्’ असा स्पष्ट आवाज येतो. सुटायचं असेल तर टाच बाहेरच्या बाजूला वळवायची. पहिले काही अंश पाय मोकळाच वळतो. गुडघ्याला पीळ पडू नये म्हणून ही मोकळीक ठेवलेली असते. त्याच्या पुढे वळवलं की क्लीटची तिरपी कड जबड्याला मागे रेटते आणि पाय सुटतो. नुसता वर ओढून तो सुटत नाही, आणि नवशिका माणूस घाबरला की नेमका पाय वरच ओढतो.

ही कल्पना स्कीइंगमधून आली. फ्रान्समधली ‘लूक’ ही कंपनी स्कीला बूट अडकवण्याची यंत्रणा बनवायची. तिने १९८४ मध्ये तेच तत्त्व सायकलच्या पायडलला लावलं, आणि १९८५ ची टूर द फ्रान्स बर्नार्ड इनो याने ही पायडलं वापरून जिंकली. त्याआधी शर्यतवाले पायडलला पुढे पिंजरा बसवून पाय पट्ट्याने आवळून घेत. मग १९९० मध्ये जपानच्या शिमानोने माउंटन बाइकसाठी लहान क्लीटची पद्धत आणली, तिला एसपीडी म्हणतात. आपल्याकडे दिसणारी बहुतेक पायडलं या दोन घराण्यांतली असतात. रोडची क्लीट मोठी, प्लास्टिकची, तीन बोल्टची आणि बुटाच्या तळातून बाहेर आलेली. एसपीडीची क्लीट लहान, लोखंडी, दोन बोल्टची, आणि बुटाच्या रबरी तळात खोलगट जागी बसवलेली. आपल्याकडची पायडलं कोणत्या घराण्यातली हे आधी ओळखावं, कारण साध्या पादत्राणांशी दोन्हींचं वागणं वेगळं असतं.

आता त्यावर साधी चप्पल ठेवून पाहा. एसपीडी पायडलचा जबडा आणि पुढची कडी आजूबाजूच्या भागापेक्षा वर उठलेल्या असतात. क्लीट असली तर त्या तिच्यात गुंततात. ती नसली तर तळव्याचा सगळा भार दोन लोखंडी कडांवर येतो. हवाई चपलेचं किंवा धावायच्या बुटाचं मऊ रबर तिथे दबतं आणि कडा सरळ तळपायाला जाणवू लागतात. पहिल्या किलोमीटरला काही वाटत नाही. चार-पाच किलोमीटरनंतर अंगठ्यामागचा भाग दुखायला किंवा बधिर व्हायला लागतो. याउलट ऑफिसच्या बुटाचा तळ कडक असतो, तो भार पसरवतो, म्हणून पाय दुखत नाही; पण गुळगुळीत तळ लोखंडावर सरकतो. शाळेचे कॅनव्हासचे बूट, ज्यांचा तळ सपाट, चिवट रबराचा असतो, ते या कामाला त्यातल्या त्यात बरे. मागे पट्टा असलेली सँडल चालते. पट्टा नसलेली चप्पल वाईट, कारण तिथे दोन ठिकाणी घसरण असते: पायडलवर चप्पल आणि चपलेत पाय.

रोडची पायडलं थोडी फसवी असतात. त्यांना जबडा एकाच बाजूला असतो, आणि मागचा भाग जड असल्याने मोकळं पायडल टोक वर करून लोंबकळतं. साधा पाय ठेवायला गेलं की तो बहुधा उलट्या बाजूवर पडतो. ती बाजू रुंद असते, पण गोलसर आणि घोटून गुळगुळीत केलेली. कोरड्या दिवशी रबरी तळ तिच्यावर ठीक बसतो. पाऊस पडला की मात्र पाय टिकत नाही.

धोका आहे तो घसरण्यात. सपाट रस्त्यावर सीटवर बसून हळू पायडल मारताना पायावर फारसा भार नसतो. चढाला माणूस उठून उभा राहिला की अख्ख्या शरीराचं वजन आळीपाळीने एकेका पायावर येतं. त्या क्षणी पाय सटकला तर माणूस दांडीवर आपटतो आणि फिरून येणारं पायडल नडगीवर बसतं. म्हणून साध्या पादत्राणांत क्लीटच्या पायडलवर उभं राहू नये. चढ आला तर गिअर हलका करावा. तोही पुरेना झाला तर उतरून सायकल हाताने न्यावी.

नगरच्या रस्त्यांवर हे कुठे लागू पडतं ते बघू. सावेडीच्या पाइपलाइन रोडवरून भिस्तबाग चौकापर्यंत, भिंगारमधल्या कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांवर, राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या आवारात कोरड्या दिवशी साध्या बुटाने क्लीटच्या पायडलवर फिरून यायला हरकत नाही. कापडबाजारातल्या गर्दीत सारखा पाय टेकावा लागतो. तिथे बुटात क्लीट असण्यापेक्षा साधी चप्पल जास्त सुरक्षित, आणि सपाट पायडल त्याहून सुरक्षित. पाथर्डी रस्त्याने करंजी घाटाकडे, डोंगरगणवरून वांबोरी घाटाला किंवा छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर इमामपूर घाटाला साधी चप्पल आणि क्लीटचं पायडल ही जोडी घेऊन जाऊ नये. भंडारदऱ्याला पावसाळ्यात तर नाहीच. घाटघरच्या बाजूला पाऊस सुरू झाला की दिवसदिवस थांबत नाही, आणि ओलं लोखंड व ओलं रबर एकमेकांना धरत नाही.

दुसरी अडचण मातीची. जिल्ह्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत असला तरी काळ्या मातीला चिकटायला एखादी चांगली सरही पुरते. रस्ता सोडून शेताच्या वाटेला पाच पावलं गेलं की बुटाखाली चिखलाचा थर बसतो. तो जबड्यात गेला की स्प्रिंग नीट मागे सरकत नाही. साध्या चपलेवाल्याला त्याचं तेव्हा काही वाटत नाही, पण तोच चिखल आत वाळून बसतो, आणि पुढच्या रविवारी क्लीटचे बूट घालून निघालेल्या माणसाचा पाय एक तर अडकत नाही किंवा अडकला की सुटत नाही. दुसरी गोष्ट वाईट. चिखलातून आल्यावर जुन्या टूथब्रशने जबडा साफ करावा, पाण्याने धुवावा, वाळल्यावर स्प्रिंगच्या सांध्यांवर तेलाचा थेंब सोडावा आणि वरचं तेल फडक्याने पुसून घ्यावं. तेल तसंच राहिलं तर धूळ चिकटते.

आणि तिसरी गोष्ट उसाची. गळीत हंगामात राहुरी, श्रीरामपूर, नेवासा, लोणी या पट्ट्यात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर दिवसरात्र कारखान्याकडे धावत असतात. मागची ट्रॉली वळणावर रस्ता खाते, बाहेर आलेले ऊस हाताला लागतात. अशा वेळी सायकलस्वाराला चटकन साइडपट्टीवर उतरून पाय टेकावा लागतो. क्लीटमध्ये अडकलेला आणि सवय नसलेला पाय तेव्हा वेळेवर सुटत नाही, माणूस थांबलेल्या सायकलसकट कडेला कोसळतो. साध्या बुटाने निदान पाय लगेच जमिनीवर येतो. या रस्त्यांवर हंगामात रोज ये-जा करणाऱ्याने सपाट पायडलच वापरावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला आणखी एक कारण आहे. साध्या पायडलच्या कडेला पिवळे परावर्तक असतात; पाय फिरतो तसे ते वरखाली होतात आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला अंधारात सायकल लांबून ओळखू येते. क्लीटच्या बहुतेक पायडलांना ते नसतात.

मग क्लीटची पायडलं असलेल्या माणसाने काय करावं? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्लास्टिकची जोडपट्टी. ही एक सपाट फळी असते, तिच्या मागे क्लीटसारखाच तुकडा असतो. पायडलच्या एका बाजूला ती ‘खट्’ करून बसवायची की त्या बाजूला पाय ठेवण्यापुरती सपाट जागा तयार. काहींच्या कडेला परावर्तकही असतात. घेताना आपलं पायडल एसपीडीचं की रोडचं हे पाहून घ्यावी. अडचण अशी की पाय तिरका झाला तर ही फळीही क्लीटसारखीच निसटते. त्यासाठी जबड्याजवळचा स्प्रिंगचा स्क्रू अ‍ॅलन कीने थोडा आवळावा लागतो, आणि क्लीटचे बूट घालायच्या दिवशी आठवणीने पुन्हा ढिला करावा लागतो. ज्याला ही आठवण राहत नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

त्याहून चांगला उपाय दोन तोंडांचं पायडल: एका बाजूला सपाट, दुसऱ्या बाजूला जबडा. बाजारातून बाहेर पडेपर्यंत सपाट बाजू वापरायची, मोकळा रस्ता लागला आणि पायात क्लीटचे बूट असले की पायडल पलटायचं. प्रत्येक वेळी सिग्नल सुटल्यावर बाजू शोधावी लागते हे खरं, पण वजनामुळे पायडल नेहमी एकाच तऱ्हेने लोंबतं, त्यामुळे पायाला अंदाज येतो. एकाच सायकलवर रविवारी लांबची फेरी आणि इतर दिवशी किरकोळ कामं करणाऱ्याने हेच घ्यावं. जबड्याभोवती पत्र्याची रुंद चौकट असलेली पायडलंही मिळतात. ती दिसायला ऐसपैस, पण बऱ्याच नमुन्यांत जबडा चौकटीच्या वर येतो आणि पातळ तळाची चप्पल त्यावर डुगडुगते. घेण्याआधी आपल्याच पादत्राणांत दुकानात पाय ठेवून पाहावा.

रोज चपलेतच फिरणाऱ्याने मात्र सरळ साधी सपाट पायडलं बसवावीत. नायलॉनची चांगली जोडी काहीशे रुपयांत मिळते. पायडल बदलणं हे मिस्त्रीचंच काम आहे, असा समज आहे. पण एकदा नीट समजून घेतलं तर ते घरी सहज जमतं, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो.

पंधराचा पाना लागतो, तोही पातळ तोंडाचा. नेहमीचा जाड पाना पायडल आणि क्रँक (पायडल ज्याला बसतं तो दांडा) यांच्यामधल्या फटीत शिरत नाही. काही पायडलांना पान्यासाठी चपटी जागाच नसते; तिथे क्रँकच्या आतल्या बाजूने सहा किंवा आठ नंबरची अ‍ॅलन की लावावी लागते. सुरुवात करण्याआधी चेन पुढच्या मोठ्या चक्रावर चढवून ठेवावी, म्हणजे पाना निसटला तर हात उघड्या दात्यांवर बसणार नाही. मग महत्त्वाची गोष्ट: दोन्ही पायडलांचे आटे एकसारखे नसतात. उजव्या पायडलचे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. पायडल मारताना भाराची दिशा आसाभोवती सतत फिरत राहते आणि त्यामुळे आट्यांना बारीक सरक मिळते. ती सरक दोन्हीकडे आवळण्याच्या दिशेला जावी म्हणून डावीकडचे आटे उलटे कापलेले असतात. लक्षात ठेवायची सोपी खूण अशी: पाना वरच्या बाजूला उभा धरा, मागच्या चाकाकडे ओढला की सुटतं, पुढच्या चाकाकडे ओढला की आवळतं. उजवं असो वा डावं, पाना असो वा अ‍ॅलन की, खूण तीच.

सोडवताना आणखी एक गंमत होते. पाना मागे ओढला की क्रँकही उलटा फिरायला लागतो, कारण उलट्या दिशेला फ्रीव्हील मोकळंच असतं. म्हणून पलीकडचा क्रँक दुसऱ्या हाताने घट्ट धरावा किंवा कुणाला तरी पलीकडच्या पायडलवर पाय ठेवायला सांगावं. वर्षानुवर्षं न काढलेलं पायडल जाम असतं. आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवावं आणि लांब दांड्याचा पाना वापरावा. हातोडी मारू नये.

नवीन पायडलवर ‘एल’ आणि ‘आर’ अशी खूण कोरलेली असते. आट्यांवर ग्रीसचा पातळ थर लावून पहिले दोन-तीन वेढे बोटांनीच फिरवावेत. बोटांनी सरळ आत जात नसेल तर थांबावं, बाहेर काढून पुन्हा लावावं. इथे घाई करून पाना लावला तर पायडलचा लोखंडी आस क्रँकचे अ‍ॅल्युमिनियमचे आटे कापत जातो. पायडल काहीशे रुपयांचं, क्रँक काही हजारांचा. आटे नीट धरले की मग पान्याने चांगलं आवळावं, आणि पहिल्या दिवशी थोडं फिरून आल्यावर पुन्हा एकदा आवळून पाहावं.

पायडल बदललं की सीटची उंचीही तपासावी. क्लीटच्या बुटाचा तळ, क्लीट आणि पायडल यांची मिळून जी जाडी होते ती चपलेची नसते. त्यामुळे तीच सीट एकदम उंच वाटते आणि टाचा उचलाव्या लागतात. सीटच्या दांडीवर चिकटपट्टीच्या दोन खुणा करून ठेवाव्यात, एक बुटांची आणि एक चपलेची. सपाट पायडलवर पाय थोडा पुढे ठेवला तर जास्त स्थिर वाटतो, पण लहान फ्रेमच्या रोड सायकलला हळू वेगात हँडल पूर्ण वळवताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू शकतं. गल्लीत वळताना तेवढं लक्ष ठेवावं.

काहींना क्लीट सोडायची नसते आणि उतरून चालायचंही असतं. त्यांनी एसपीडीचे, रबरी तळाचे बूट घ्यावेत. नगरजवळचं एक ठिकाण डोळ्यांपुढे आणा. पाथर्डी रस्त्याने शहरापासून सुमारे तेरा किलोमीटरवर डोंगरावर सलाबत खानाची कबर आहे, सगळे तिला चांदबिबी महाल म्हणतात. सायकलवाल्यांचा हा आवडता चढ. वर पोचल्यावर तीन मजली अष्टकोनी वास्तू समोर उभी असते आणि आत अरुंद दगडी जिना असतो. रोडची प्लास्टिकची क्लीट लावून त्या पायऱ्या चढणं म्हणजे पाय मुरगळून घेणं. टाच हवेत, टोक वर, आणि घासून गुळगुळीत झालेला दगड. एसपीडीच्या बुटांत क्लीट तळात खोल असते, आजूबाजूचं रबर जमिनीला टेकतं, माणूस धडपणे चालतो. रोडचेच बूट असतील तर क्लीटवर चढवायची रबरी टोपी सोबत ठेवावी किंवा जिन्याखाली बूट काढून अनवाणी चढावं.

इतकं सगळं असताना क्लीट कशाला हवी, असंही कुणी विचारेल. लांब अंतराला तिचा उपयोग खरा आहे. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ती एकट्याने पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुमारे ४,८०० किलोमीटर. इतक्या अंतरात थकलेला पाय प्रत्येक फेरीला योग्य जागी राहणं, खराब रस्त्यावर तो उडून न जाणं, कडक तळामुळे दाब पसरणं याला मोल आहे. पण क्लीटमुळे पाय वर ओढता येतो आणि त्यातून फुकटची ताकद मिळते हा समज टिकत नाही. प्रयोगशाळेत सायकलपटूंना मुद्दाम पाय वर ओढायला लावून मोजलं, तेव्हा शरीराची कार्यक्षमता वाढण्याऐवजी कमी झालेली दिसली. खाली नीट दाबणं, हेच मुख्य काम. ते सपाट पायडलवर, चांगल्या तळाच्या बुटाने, व्यवस्थित होतं. रोज दहा-पंधरा किलोमीटर कामाला जाणाऱ्याने क्लीट नाही म्हणून मनात काही कमीपणा बाळगू नये.

शेवटी एक कळकळीची विनंती. आपल्या घरांत सायकल एकाची नसते. वडिलांची रोड सायकल मुलगी क्लासला नेते, पाहुणा आलेला भाचा चक्कर मारायला मागतो, शेजारचं पोर ‘काका, एक फेरी’ म्हणतं. त्यांच्या पायात चप्पल असते आणि या पायडलची त्यांना काहीच कल्पना नसते. तुमच्या सायकलला क्लीटची पायडलं असतील तर साध्या पायडलची एक जोडी आणि पंधराचा पाना घरात ठेवा, आणि सायकल दुसऱ्याच्या हातात देण्याआधी दहा मिनिटं काढून ती बदलून द्या. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी सायकल देऊ नका.